भारतीय संगीत कॅसेट : ओळख, आवृत्त्या आणि संग्रह

कंपनीने गाणी भरून विकलेली कॅसेट भारतात जेमतेम तीन दशके चालली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिचा जोर सुरू झाला, ऐंशीच्या दशकात तिने तबकडीला बाजारातून हटवले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती दुकानांतून दिसेनाशी झाली. तेवढ्या काळात एकाच चित्रपटाची किंवा एकाच भावगीतसंग्रहाची कॅसेट अनेक रूपांत निघाली : कधी नव्या मुखपृष्ठासह, कधी नव्या क्रमांकाने, कधी दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आणि पुष्कळदा हक्कदाराच्या परवानगीशिवाय. त्यामुळे जुन्या कॅसेट जमवणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात : हातातली कॅसेट कोणी काढली आणि ती केव्हाची? वरचे छापील वर्ष बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते उत्तर पत्ता, बोधचिन्ह, किंमत, कवच आणि फितीची लांबी यांवरून जुळवावे लागते. अशा खुणा जुळवता येण्यासाठी आधी कॅसेटच्या धंद्याचा इतिहास माहीत असावा लागतो.

कॅसेटचा जन्म आणि भारतातील आगमन

फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हासेल्ट येथील कारखान्यात लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखाली ही कॅसेट तयार झाली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरला. एवढ्या अरुंद आणि संथ फितीवर संगीत चांगले उमटेल अशी अपेक्षा सुरुवातीला नव्हती. कार्यालयीन मजकूर सांगून टिपून ठेवणे हा तिचा मुख्य उपयोग मानला जाई. तरीही १९६५ मध्ये युरोपात आणि १९६६ मध्ये अमेरिकेत संगीत भरलेल्या कॅसेट विक्रीस आल्या. फितीची खरखर कमी करणारे डॉल्बी बी हे तंत्र सत्तरच्या दशकात रुळले आणि कॅसेट तबकडीशी स्पर्धा करू लागली. फिलिप्सने हा नमुना इतर उत्पादकांना स्वामित्वधन न घेता खुला केला होता. जगातल्या कोणत्याही कारखान्याची कॅसेट कोणत्याही यंत्रात चालते, ती त्यामुळे.

भारतात त्या काळी ध्वनिमुद्रणाचा धंदा मुख्यतः एकाच कंपनीच्या हाती होता. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत एचएमव्हीचा, कारखाना कलकत्त्याजवळ डमडम येथे होता. सत्तरच्या दशकात मुंबईच्या पॉलिडोरने तिच्याशी स्पर्धा सुरू केली. 'शोले' (१९७५) या चित्रपटाचे संवाद ध्वनिमुद्रिकेवर काढून पॉलिडोरने गाण्यांपलीकडचे गिऱ्हाईक मिळवले. मात्र तबकडी छापायला मोठा कारखाना लागे आणि ती वाजवायला महागडे यंत्र. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे रेडिओ आणि टेप एकत्र असलेले 'टू-इन-वन' घेऊन परतू लागली, पुढे आयातीचे निर्बंधही सैल झाले आणि चित्र पालटले. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथानुसार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील संगीतविक्रीत कॅसेटचा वाटा सुमारे ९५ टक्क्यांवर गेला होता.

कॅसेटच्या प्रती काढायला मोठे भांडवल लागत नसे. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज, म्हणजेच टी-सीरिज, स्थापन केली. मुंबईत व्हीनस आणि टिप्स या कंपन्या वाढल्या. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढल्या. फाउंटन म्युझिक कंपनीने मराठी श्रोता डोळ्यांसमोर ठेवला. भीमगीते, पोवाडे, गणपतीच्या आरत्या, लोकगीते आणि गोव्यातली कोकणी कांतारां यांच्या कॅसेट गावोगाव खपू लागल्या. यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रणांची तबकडी कधी निघालीच नाही. त्यांच्या बाबतीत कॅसेट हीच पहिली आणि बहुधा एकमेव आवृत्ती असते, म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे मोल चित्रपटसंगीताच्या कॅसेटहून अधिक आहे.

कवच आणि फीत

ओळख कवचापासून सुरू होते. कोऱ्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे पत्रे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण करता येत नाही. कंपनीने भरलेल्या कॅसेटच्या कवचाला हे पत्रे मुळातच नसतात, तिथे सफाईदार खाच असते. पत्रा मोडल्याची ओबडधोबड कड दिसली तर ती कोऱ्या कॅसेटवर उतरवलेली प्रत असण्याचा संभव मोठा. खाचेवर चिकटपट्टी लावलेली असेल, तर मूळ संगीत पुसून कोणीतरी दुसरे काही भरलेले असू शकते.

कवचाचे दोन भाग पाच स्क्रूंनी जोडलेले किंवा कायमचे सांधलेले असतात. यावरून अस्सलपणा ठरत नाही, कारण दोन्ही पद्धती मोठ्या कंपन्यांनी वापरल्या. स्क्रूचे कवच मात्र उघडता येते. फीत अडकली की दुकानदार ती दुसऱ्या कवचात घालून देत, त्यामुळे आत एक आणि लेबलावर दुसरेच, असा प्रकार आढळतो. म्हणून कॅसेट ऐकल्याशिवाय तिची नोंद पक्की मानू नये. जुन्या कवचांवर कागदी लेबल चिकटवलेले असते. पुढे कवचावरच थेट छपाई होऊ लागली. एकाच शीर्षकाच्या दोन्ही प्रकारच्या प्रती हाती आल्या तर कागदी लेबलाची प्रत बहुधा आधीची असते.

फितीची लांबी हा अधिक बोलका पुरावा आहे. कारखान्यात कॅसेट एकेक करून भरली जात नसे. फितीच्या मोठ्या चकतीवर कार्यक्रमाच्या अनेक प्रती एकापाठोपाठ, मूळ गतीच्या कितीतरी पट वेगाने आणि दोन्ही बाजू एकाच फेरीत उतरवल्या जात. नंतर प्रत्येक प्रत कापून रिकाम्या कवचात भरली जाई. त्यामुळे कंपनीच्या कॅसेटमध्ये फीत कार्यक्रमापुरतीच असते आणि लांब बाजूचे शेवटचे गाणे संपल्यावर ती लवकरच थांबते. चोरट्या प्रती पुष्कळदा ठरीव ६० किंवा ९० मिनिटांच्या फितीवर काढलेल्या असतात. तिथे शेवटी लांबलचक शांतता राहते किंवा शेवटचे गाणे मध्येच तुटते.

फितीचा रंगही पाहावा. साधी लोहभस्माची फीत तपकिरी असते, क्रोम फीत काळसर. कोऱ्या क्रोम कॅसेटच्या कवचाला यंत्राला फितीचा प्रकार कळावा म्हणून वरच्या कडेवर जादा खाच असते. भरलेल्या कॅसेटमध्ये मात्र क्रोम फीत असूनही पुष्कळदा ही खाच ठेवत नसत, कारण ध्वनिमुद्रण साध्या फितीच्या मापाने केलेले असे. खाच नाही म्हणून फीत साधीच, असा निष्कर्ष काढू नये.

इनले कार्डावरचा पुरावा

डबीतल्या घडीच्या कागदाला धंद्यात इनले कार्ड म्हणतात. कालनिश्चितीचा बहुतेक पुरावा त्यावरच असतो. १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. चोरट्या प्रतींसाठीची शिक्षा तीन वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत वाढली आणि कलम ५२अ नव्याने आले. त्यानुसार ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. इथेच नवखा संग्राहक फसतो. हे वर्ष ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या प्रकाशनाचे असते, हातातल्या प्रतीच्या निर्मितीचे नव्हे. १९७५ च्या चित्रपटाची नव्वदच्या दशकात निघालेली कॅसेटही १९७५ हेच वर्ष दाखवू शकते.

त्यामुळे पत्ता वाचणे अधिक उपयोगाचे. एचएमव्हीच्या कॅसेटवर '३३, जेसोर रोड, डमडम' हा पत्ता असतो. शहराचे नाव 'कलकत्ता' ऐवजी 'कोलकाता' असेल तर कार्ड २००१ किंवा त्यानंतरचे. त्याचप्रमाणे 'बॉम्बे'चे अधिकृत 'मुंबई' १९९५ मध्ये झाले आणि 'मद्रास'चे 'चेन्नई' १९९६ मध्ये. नव्या नावावरून कार्ड त्या वर्षाच्या आधीचे नाही एवढे बहुधा म्हणता येते. मराठी मजकुरात 'मुंबई' पूर्वीपासूनच असल्याने ही कसोटी इंग्रजी पत्त्यालाच लावावी. जुन्या नावावरून मात्र फारसे ठरत नाही, कारण छापून ठेवलेली कार्डे संपेपर्यंत वापरली जात.

कंपनीचे नाव हीदेखील कालखूण आहे. पॉलिडोरचा धंदा पुढे म्युझिक इंडिया, मग पॉलिग्रॅम आणि अखेरीस युनिव्हर्सल या नावांनी चालला. एकच ध्वनिमुद्रण या चारही नावांखाली सापडू शकते. ग्रामोफोन कंपनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास आरपीजी समूहाकडे गेली आणि २००० मध्ये तिचे नाव सारेगामा झाले. एचएमव्हीच्या बोधचिन्हातल्या कुत्र्याच्या चित्राशेजारी आरपीजीचे चिन्ह असेल किंवा 'सारेगामा' असे छापलेले असेल, तर कालखंड आपोआप आवळला जातो.

क्रमांकातूनही माहिती मिळते. पॉलिग्रॅमच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत क्रमांकाच्या शेवटी १ म्हणजे तबकडी, २ म्हणजे सीडी आणि ४ म्हणजे कॅसेट. एचएमव्हीच्या क्रमांकाआधी एचटीसीएस, एसटीएचव्हीएस अशी अक्षरे येतात. मुखपृष्ठ तेच राहून अक्षरे किंवा आकडे बदलले असतील, तर ती वेगळी आवृत्ती म्हणून नोंदवावी. किंमत खोडून वर नवी छापलेली किंवा चिकटवलेली असेल, तर जुने कार्ड नव्या दराने विकले गेले, हा धंद्याचा पुरावा जपून ठेवावा. तो काढून टाकू नये. ८९० या आकड्यांनी सुरू होणारा बारकोड उत्तरकाळाची खूण आहे.

आवृत्त्यांचे प्रकार

मजकुराच्या दृष्टीने भारतीय कॅसेटचे काही ठळक प्रकार पडतात. पहिला प्रकार तबकडीचाच कार्यक्रम कॅसेटवर आणणारा. त्यातही दोन्ही बाजूंची लांबी जुळावी म्हणून गाण्यांचा क्रम बदललेला असू शकतो. दुसरा जोड कॅसेटचा : एका बाजूला एक चित्रपट, दुसऱ्या बाजूला दुसरा. अशा वेळी दोन्ही चित्रपटांतली काही गाणी गाळलेली असतात. तिसरा निवडक गाण्यांच्या संकलनांचा. गायक, संगीतकार, सण किंवा ऋतू यांनुसार ती निघत.

चौथा प्रकार 'व्हर्शन' कॅसेटचा. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क नसतानाही ठरलेले स्वामित्वधन भरून तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेण्याची वाट कायद्याच्या कलम ५२ मध्ये होती. टी-सीरिजने ती पुरेपूर वापरली. सोनू निगम यांची 'रफी की यादें' आणि कुमार सानू यांची 'किशोर की यादें' ही त्यातली गाजलेली नावे. ग्राहकाची फसगत होईल असे वेष्टन वापरू नये, ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाली. अशा कॅसेटवर मूळ गायकाचे छायाचित्र मोठे आणि प्रत्यक्ष गायकाचे नाव बारीक अक्षरांत असू शकते. म्हणून मागचा मजकूर वाचल्याशिवाय ती मूळ समजून घेऊ नये. पाचवा प्रकार 'झंकार' आवृत्त्यांचा : जुन्या मूळ ध्वनिमुद्रणावर नव्या तालवाद्यांचा आणि प्रतिध्वनीचा थर चढवलेला. आवाज मूळ गायकाचा असला तरी ध्वनिमुद्रण मूळ नसते.

सहावा प्रकार चोरट्या प्रतींचा. धूसर छपाई, अपुरा किंवा नसलेला पत्ता आणि नावांतल्या चुका या नेहमीच्या खुणा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची गाणी एकाच कॅसेटवर असणे. एचएमव्हीची आणि टी-सीरिजची ताजी गाणी शेजारी शेजारी आली, तर ती परवानगीने आली असण्याची शक्यता फार कमी. गिऱ्हाइकाने दिलेल्या यादीप्रमाणे कोरी कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांचे काम याच जातीचे. अशा कॅसेटना आवृत्ती म्हणता येत नसले, तरी त्या काळी लोक काय ऐकत होते याचा त्या थेट पुरावा आहेत, त्यामुळे त्या फेकून न देता वेगळ्या ठेवाव्यात.

जतन आणि नोंद

कॅसेटमध्ये आधी बिघडतो तो फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा. त्याचा गोंद वाळला की तो पडतो आणि आवाज दबका येतो. फीत शाबूत असेल तर तो बदलता येतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी यंत्राच्या मुद्रणशीर्षावर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते, म्हणून ती आधी वेगळी काढून साफ करावी. कॅसेट उभ्या, कोरड्या जागी आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात. फीत एका टोकापर्यंत सलग गुंडाळलेली असावी.

जुन्या तबकड्यांच्या अभ्यासाला भारतात संस्थात्मक आधार मिळाला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने त्यांच्या याद्या आणि कलावंतांचे इतिहास प्रसिद्ध केले. कॅसेटच्या बाबतीत, विशेषतः छोट्या प्रादेशिक कंपन्यांच्या बाबतीत, हे काम खाजगी संग्राहकाच्या वहीवर अवलंबून आहे. त्या वहीत शीर्षक, क्रमांक, कंपनीचे छापील नाव आणि पत्ता, छापील वर्ष, किंमत, लेबलाचा प्रकार, कवचाची जोडणी, दोन्ही बाजूंच्या गाण्यांचा क्रम आणि प्रत्यक्ष वेळ एवढे तपशील असावेत. प्रतीच्या काळाचा अंदाज छापील वर्षापासून वेगळ्या रकान्यात, तो कशावरून काढला हे लिहून नोंदवावा; नवी प्रत हाती आली की तो तपासता आणि सुधारता येतो.