गॅसच्या दिव्याची साक्ष

'गॅसलाइटिंग' हा शब्द हल्ली ऑफिसातल्या मीटिंगपासून ब्रेकअपपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने तो 'वर्ड ऑफ द इयर' ठरवला; त्या वर्षी त्यांच्या साइटवर हा शब्द शोधण्याचं प्रमाण १७४० टक्क्यांनी वाढलं होतं. पण हा शब्द ज्या नाटकातून आला, त्यातला दिवा मात्र आपण विसरलोय. आणि खरी गंमत त्या दिव्यातच आहे.

नाटक 'गॅस लाइट', लेखक पॅट्रिक हॅमिल्टन. पहिला प्रयोग डिसेंबर १९३८ मध्ये, लंडनजवळच्या रिचमंड थिएटरात. ५ डिसेंबर १९४१ ला ते 'एंजल स्ट्रीट' या नावाने ब्रॉडवेवर आलं. दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली.. तरी नाटकाचे १२९५ प्रयोग झाले! १९४४ च्या सिनेमाने तर इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळवून दिलं.

आता गोष्ट. (सस्पेन्स फुटणार आहे, आधीच सांगून ठेवतो.) १८८० चं लंडन. जॅक मॅनिंगहॅम घरातल्या वस्तू स्वतःच लपवतो आणि आळ बायकोवर, बेलावर घेतो. तुला आठवत नाही, तुझं डोकं फिरत चाललंय, असं रोज ऐकून तिलाही ते पटू लागतं. रात्री तो बाहेर जातो आणि थोड्या वेळाने खोलीतला दिवा आपोआप मंद होतो. तो परतायच्या जरा आधी पुन्हा मोठा होतो.

अनेकांना वाटतं की नवरा बायकोला घाबरवायला मुद्दाम दिवा कमी करतो. नाटकात तसं नाहीये! तो गुपचूप वरच्या बंद मजल्यावर शिरून जुन्या खुनातली माणकं शोधत असतो. त्यासाठी तिथला गॅस पेटवतो आणि खाली प्रेशर कमी होतं. बिल्डिंगमध्ये खालच्याने नळ सोडला की आपल्या शॉवरची धार बारीक होते ना, तसंच. त्या काळचे दिवे म्हणजे उघडी ज्योत, त्यामुळे प्रेशरमधला फरक लगेच डोळ्यांना दिसायचा.

म्हणजे दिवा हे जॅकचं हत्यार नाहीच, ती त्याच्या हातून राहिलेली चूक आहे. आमच्या भाषेत, यूजरने सगळं नाकारलं तरी सर्व्हरवर उरलेला लॉग. घरात एकच गोष्ट अशी आहे की जिला जॅकला खोटं शिकवता येत नाही. आणि ती बेलाने टिपलेली असते!

फक्त मूळ नाटकात त्याचा अर्थ लावायला रफ नावाचा म्हातारा माजी पोलीस यावा लागतो. बेलाचं निरीक्षण खरं ठरतं ते एका पुरुषाने मान डोलावल्यावर. २०२२ मध्ये कॅनडात नायगारा-ऑन-द-लेक या छोट्या गावातल्या शॉ फेस्टिव्हलने हे नाटक नव्याने केलं. जॉना राइट आणि पॅटी जेमिसन या लेखिकांनी रफला चक्क काढूनच टाकलं. छडा लावायचं काम बेलाकडेच आलं. ८४ वर्षांनी का होईना, जिने दिवा पाहिला तिलाच त्याचा अर्थ लावायला मिळाला.

तो शब्द वापरताना आपल्याला जॅक आठवतो. त्याच्या जोडीला तो दिवाही आठवायला हवा. कोणी रोज 'तुझाच गैरसमज होतोय' म्हणत असेल, तर वाद घालण्याआधी तारीख-वेळ टाकून दोन ओळी लिहून ठेवाव्यात. ज्योत कधी मंद झाली, कधी मोठी झाली, एवढंच. बेलाकडे तरी त्याहून जास्त काय होतं?