दाढ काढायची की राखायची? रूट कॅनॉलचा इतिहास

'रूट कॅनॉल' म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो. मग लवंग दाढेखाली धरायची आणि 'डिसेंबरात भारतात गेलो की बघू' म्हणायचे! या उपचाराचा इतिहास मी वाचू लागलो, तेव्हा कळले की ही भीतीही जुनीच आहे.

मराठीत आपण आजही 'दाढ किडली' म्हणतो. एके काळी ही कीड म्हणजे खरोखरचा किडा, अशी समजूत होती. बाबिलोनियात दाताच्या किड्याविरुद्ध मंत्र होता, सुश्रुतसंहितेत 'कृमिदंत' हा रोग येतो आणि आपल्या खेडोपाडी रिंगणीच्या बियांची धुरी देत. फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात ही किड्याची कल्पना नाकारली.

दात बाहेरून दगडासारखा असला तरी आत मऊ गाभा असतो. त्यातल्या नसा व रक्तवाहिन्या मुळांतल्या बारीक नळ्यांतून जबड्यात जातात. जंतू गाभ्यापर्यंत पोचले की तो सुजतो. पण भोवती कठीण भिंती, सूज जाणार कुठे? म्हणून तो जीवघेणा ठणका! पुढे गाभा मरतो, दुखणे थांबते, आणि आपल्याला वाटते, बरे झाले. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी हाडात पू करत राहतात. पूर्वी यावर खात्रीचा उपाय एकच होता, दात उपटणे.

१८३८ साली वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून नळी साफ करण्याचे हत्यार बनवले. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी लाळ दातापासून दूर ठेवणारा रबराचा पातळ पडदा आणला. १८६७ मध्ये बोमन यांनी साफ केलेली नळी गटापर्चाने भरली. मलायातील झाडाचा हा चीक त्या काळी समुद्राखालच्या तारांवरही वापरत. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि मुळाचे टोक डोळ्यांना दिसू लागले.

एवढे झाल्यावर गाडी उलटी फिरली. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील भाषणात दातांखालच्या जंतुदोषावर कडक टीका केली. दातातले विष अंगभर पसरून संधिवातापासून वेडापर्यंत सारे रोग होतात, हे मत बळावले आणि राखता येण्याजोगे असंख्य दात उपटले गेले. आपल्या न्यू जर्सीतच, ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात, डॉ. हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात काढले. तेवढ्याने भागेना म्हणून आतड्याचे भागही कापले. त्यात कित्येक रुग्ण दगावले.

हे मत पुढील अभ्यासांत टिकले नाही. १९४३ साली या उपचाराच्या तज्ज्ञांची अमेरिकन संघटना स्थापन झाली आणि १९६३ मध्ये त्याला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. १९६५ मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा उघड्या करून ठेवल्या. साध्या उंदरांचा गाभा सडला; जंतुरहित वातावरणात वाढवलेल्यांचा मात्र, दाढेत अन्न अडकूनही, भरून आला. दोष जंतूंचा, दाताचा नव्हे! जंतू काढून नळी घट्ट बंद केली, तर दात राखता येतो, याला भक्कम आधार मिळाला.

आजही पद्धत तीच आहे: जागा बधिर करायची, रबराचा पडदा लावायचा, नळ्या साफ करून धुवायच्या, गटापर्चा भरायचा आणि बहुधा वर कॅप बसवायची. नुसत्या अँटिबायोटिकने काम होत नाही, कारण मेलेल्या गाभ्यात रक्तपुरवठाच नसल्याने औषध तिथे पोचत नाही.

तेव्हा मंडळी, ठणका आपोआप थांबला तरी दात दाखवून घ्या. चेहऱ्यावर सूज येऊन ताप भरला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तडक इमर्जन्सीत जा. दातातले जंतू आपल्या विमानाच्या तिकिटाची वाट पाहत नाहीत.