परक्याच्या वर्तमानपत्रात घरची गोष्ट

घरची लक्तरे वेशीवर टांगणाऱ्याला आपल्याकडे कोणी भला माणूस म्हणत नाही. माजघरात हवे तेवढे भांडावे, पण ओसरीवर पाहुणा आला की सर्वांनी हसतमुखाने चहा घ्यावा, ही आपली रीत. राष्ट्रांची आणि सरकारांची रीतही याहून फारशी निराळी नाही. एखाद्याने घरचे उणे परक्या मुलखातील छापखान्यात नेऊन ठेवले, की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हे खरे की खोटे?’ असा नव्हे. ‘तू आमचा की त्यांचा?’ हा तो प्रश्न. खऱ्याखोट्याची चौकशी झालीच तर मागाहून होते.

अलीकडच्या काळातील एक ठळक उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. बर्फाची शिखरे, घड्याळे आणि पेढ्या यांसाठी हा चिमुकला देश जगभर प्रसिद्ध. तेथील १९३४ च्या कायद्याने पेढीतील खातेदाराचे गुपित फोडणे हा गुन्हा ठरला, आणि देशोदेशीचे करचुकवे व पदच्युत हुकूमशहा आपली माया तेथे निर्धास्तपणे ठेवू लागले. आपल्याकडे ‘स्विस बँक’ हा शब्द शाळेतल्या पोरालाही ठाऊक झाला तो याचमुळे. जिनिव्हाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील संसदेचे सभासद झाँ झिग्लर यांनी १९९० साली एक पुस्तक लिहून आपल्या देशातील पेढ्या काळा पैसा कसा धुऊन काढतात हे सांगितले. पुस्तक निघाले पॅरिसमधून. १९९१ साली त्यांच्याच संसदेने सभासद म्हणून त्यांना असलेले कायद्याचे कवच काढून घेतले. मागोमाग अब्रुनुकसानीच्या फिर्यादी आल्या आणि भरपाईच्या रकमांनी प्राध्यापकमहाशय कर्जात बुडाले.

हे वाचले की महाराष्ट्राच्या वाचकाला आपल्या घरचा एक जुना प्रसंग आठवावा. तोही एका प्राध्यापकाचाच आहे, त्याचेही मूळ पैशाच्या हिशेबात आहे, आणि तेथेही गोष्ट परक्या वर्तमानपत्रातच छापली गेली. ते प्राध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले, साल १८९७.

गोखले तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवीत आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८९६ साली काढलेल्या डेक्कन सभेचे काम पाहत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायत सरकारने लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले होते. दादाभाई नौरोजी स्वतः त्याचे एक सभासद. येथील रयतेने भरलेला कर कोठे जातो, लष्करावर किती खर्च होतो, गोऱ्या नोकरशाहीच्या पगार-पेन्शनांत किती जिरतो, हा तेथला प्रश्न. साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्याबरोबर गोखल्यांची निवड झाली. एप्रिलमध्ये त्यांनी साक्ष दिली. समोर बसलेल्या अनुभवी मंडळींच्या उलटतपासणीत हा तरुण डगमगला नाही, कारण प्रत्येक विधानामागे सरकारी आकडा होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गोखले तिकडे आकड्यांची लढाई लढत असताना इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. वॉल्टर रँड याच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि घरे तपासण्याचे काम गोऱ्या सोजिरांकडे आले. रोग हटविण्यासाठी कडक उपाय हवे होते, हे रानडे-गोखल्यांनाही मान्य होते. परंतु भाषा न कळणारा, चालीरीती न जाणणारा सोजीर बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरू लागला, सामान रस्त्यावर येऊन पडू लागले, बायाबापड्यांना परपुरुषासमोर तपासणीला उभे राहावे लागले, तेव्हा शहर हादरून गेले. अर्ज झाले, वर्तमानपत्रांनी लिहिले. पंडिता रमाबाईंनीही मुंबईच्या पत्रातून प्लेगच्या व्यवस्थेविरुद्ध तक्रार केली. सरकारने फारसे मनावर घेतले नाही.

पुण्याच्या मित्रांची पत्रे गोखल्यांना लंडनला मिळत होती. त्यांत दोन स्त्रियांवर सोजिरांनी अत्याचार केल्याचे आणि त्यांतील एकीने पुढे जीव दिल्याचे लिहिले होते. इतक्यात २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला वारला. विलायतेत संतापाची लाट उसळली. पुणे हे कटवाल्यांचे शहर ठरले. पुण्याच्या लोकांनी काय सोसले तेही इंग्रजांना कळावे, म्हणून गोखल्यांनी जुलैच्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली आणि मित्रांच्या पत्रांतील ती दोन स्त्रियांची हकीकतही सांगून टाकली.

बॉम्बगोळा पडावा तसे झाले. पार्लमेंटात प्रश्न निघाले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईला तार करून खुलासा मागविला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचे उत्तर आले, की ही निव्वळ दुष्टबुद्धीची बनावट आहे. आता पुरावा द्या, नाही तर शब्द मागे घ्या! गोखले उत्तरले, पुण्याला जातो आणि पुरावा मिळवितो.

परंतु पुणे तोवर पालटले होते. मारेकरी सापडले नव्हते, आणि सरकार ज्याच्या त्याच्याकडे संशयाने पाहत होते. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्यापुराण्या रेग्युलेशनखाली, कसलीही चौकशी न होता, अटकेत टाकले. त्यानंतर तीनच दिवसांनी गोखल्यांची बोट मुंबईच्या धक्क्याला लागली, आणि पोलीस कमिशनर त्यांच्या भेटीला हजर! अशा वेळी ‘होय, ते पत्र मी लिहिले, ती बाई अमुक घरची’ असे म्हणून कोण पुढे येणार? लिहिणाऱ्याला तुरुंग दिसत होता, आणि ज्या घरावर आघात झाला त्याला उरलीसुरली अब्रू चव्हाट्यावर येणार हे दिसत होते. कोणी पुढे आले नाही. गोखल्यांनीही एकाचेही नाव उच्चारले नाही.

नाव सांगावे तर विश्वासघात. न सांगावे तर आपण खोटारडे. रानड्यांशी विचारविनिमय करून गोखल्यांनी तिसरी वाट धरली. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचे माफीपत्र प्रसिद्ध झाले. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि त्या कामावरील सोजिरांची त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली.

या माफीने पुण्यातील तरुण पिढी चिडली. भित्रेपणाचा शिक्का बसला तो पुष्कळ वर्षे पुसला गेला नाही. तिकडे टिळकांना माफी मागून सुटण्याचा सल्ला स्नेही देत होते. त्यांनी तो झिडकारला, आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी स्वीकारली. साहजिकच लोक दोन चित्रे शेजारी शेजारी टांगू लागले: एक ताठ, दुसरे वाकलेले.

ही तुलना मनाला पटकन पटते, पण न्यायाची नाही. टिळकांवर आरोप होता तो त्यांच्या पत्रातील मतांबद्दल. मताला साक्षीदार लागत नाही. ज्याचे मत त्याने त्यापायी तुरुंगात जावे, हे तेज टिळकांचेच. गोखल्यांनी सांगितली होती ती घडलेली हकीकत, आणि तीही दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली. अशा हकीकतीला साक्षीदार लागतो. तो नाहीसा झाला की सांगणारा कितीही प्रामाणिक असो, त्याच्या हाती उरतो तो केवळ आपला शब्द. गोखल्यांची चूक झाली ती येथे, की वेल्बी कमिशनपुढे आकड्यावाचून एक वाक्य न बोलणारा माणूस वर्तमानपत्रापुढे पत्रांच्या भरवशावर बोलून गेला. मात्र चूक कळल्यावर तिची सगळी किंमत त्यांनी एकट्याने मोजली. लिहिणाऱ्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. याला भित्रेपणा म्हणणे कठीण आहे.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग येथे ताडून पाहावा. १८९६ साली मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर नाताळहून स्वदेशी आले. तेथे करार संपवून राहणाऱ्या हिंदी मजुरावर दरसाल तीन पौंडांचा कर बसविणारा कायदा झाला होता. गांधींनी राजकोटला एक पुस्तिका छापून नाताळमधील हिंदी लोकांचे हाल सांगितले. पुण्यास येऊन टिळकांना आणि गोखल्यांना भेटले. रॉयटरने त्या पुस्तिकेचे दोन-तीन ओळींचे विपर्यस्त सार तारेने धाडले आणि नाताळचे गोरे खवळले. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी दरबानला उतरले तेव्हा जमावाने त्यांना दगड-अंड्यांनी आणि लाथाबुक्क्यांनी झोडपले. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नीने छत्री उघडून मध्ये उभे राहून त्यांना वाचविले. पण गांधींपाशी एक गोष्ट होती: हिंदुस्थानात जे छापले ते सारे आपण नाताळात आधीच छापले आहे, हे त्यांना दाखविता आले. लोकांचा राग ओसरला, आणि मारणाऱ्यांवर खटला भरायला गांधींनी नकार दिला. दोघेही सद्हेतूने बोलले होते. एकाच्या खिशात कागद होता, दुसऱ्याच्या खिशात दुसऱ्यांची गुपिते होती.

गोखले पुण्याला परतले आणि प्लेग पुन्हा उसळला तेव्हा स्वयंसेवक म्हणून घरोघर हिंडले. १९०२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. तिजोरीत शिल्लक उरते ती देशाच्या भरभराटीमुळे नव्हे, कर जादा घेतल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. पुढे मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांचे श्रेय नव्हे. पण ज्या प्रश्नाच्या साक्षीसाठी ते लंडनला गेले होते, तोच प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९१२ साली आजारी शरीराने ते दक्षिण आफ्रिकेला गेले ते त्या तीन पौंडांच्या करासाठीच. १९१४ साली तो कर उठला. दुसऱ्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखल्यांनी देह ठेवला.

स्विस पेढ्यांच्या तिजोऱ्याही आता पूर्वीइतक्या अंधाऱ्या राहिलेल्या नाहीत. २०१९ पासून तेथील हिंदी खातेदारांची माहिती ठरलेल्या कराराने आपल्या सरकारकडे येऊ लागली. झिग्लर यांना शिक्षा झाली ती यासंबंधी फार लवकर बोलल्याबद्दल, असेच म्हणावे लागते. वेशीवर बोलणाऱ्याला राग-लोभ सोसावेच लागतात. त्याची त्याने तयारी ठेवावी. परंतु ज्यांच्यासाठी तो बोलतो त्यांनीही आपल्याला एक प्रश्न विचारावा. पत्र लिहिताना आपला हात चालतो, तसा साक्षीच्या दिवशी आपला पाय उचलेल काय? १८९७ च्या पुण्यात तो उचलला नाही, आणि माफीपत्रावर सही झाली ती मात्र एकट्या गोखल्यांची.