सर्पवर्ष, चिनी

सर्पवर्ष, चिनी : चिनी कालगणनेतील बारा वर्षांच्या प्राणिचक्रातील सहावे वर्ष. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, सर्प, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर असा या चक्राचा क्रम आहे. मेषादी राशी हे सूर्यमार्गाचे विभाग होत; चिनी प्राणिचिन्हे मात्र कालगणनेतील स्थानांची नावे आहेत.

ही गणना तिला जोडलेल्या प्राण्यांहून जुनी आहे. शांग काळातील भविष्यकथनाच्या अस्थींवर (इ. स. पू. सु. तेरावे शतक) दहा ‘स्कंध’ व बारा ‘शाखा’ यांच्या जोड्यांनी दिवस मोजलेले आढळतात. सर्पाचे स्थान म्हणजे ‘सी’ ही सहावी शाखा होय. हूपे प्रांतातील श्वेहूडी येथील इ. स. पू. २१७ च्या सुमाराच्या थडग्यात १९७५ मध्ये बांबूच्या पट्ट्यांवरील जी प्राणिसूची मिळाली, तीत ‘सी’पुढे सर्प नसून कृमिकीटकवाचक व्यापक शब्द आहे; घोड्याच्या आजच्या स्थानी तेथे हरिण आहे. इ. स. पहिल्या शतकातील वांग छुंग याच्या लुन-हंग या ग्रंथात आजचे प्राणी दिसतात. वांग छुंगने या कल्पनेवर आक्षेपही घेतला. अग्नी धातूला जिंकतो, तर अग्नितत्त्वाचा सर्प धातुतत्त्वाच्या माकडाला का खात नाही, असा त्याचा प्रश्न होता.

काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल ही चिनी पंचतत्त्वे भारतीय पंचमहाभूतांहून भिन्न आहेत. प्रत्येक तत्त्वाला ‘यांग’ व ‘यिन’ असे दोन स्कंध असतात. ‘सी’ ही यिन शाखा असल्याने तिचा संयोग पाच यिन स्कंधांशीच होतो. म्हणून साठ वर्षांत पाच सर्पवर्षे येतात : काष्ठसर्प (१९६५), अग्निसर्प (१९७७), पृथ्वीसर्प (१९८९), धातुसर्प (२००१) व जलसर्प (२०१३). २९ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा काष्ठसर्प वर्ष सुरू झाले. ‘सी’ शाखेचे स्वतःचे तत्त्व मात्र नेहमी अग्नीच मानतात. तिचा प्रहर सकाळी ९ ते ११ हा होय.

महाराष्ट्रातही वर्षांचे साठाचे चक्र प्रचलित आहे. प्रभवादी संवत्सरे मुळात गुरूच्या गतीवर बेतलेली होती; दक्षिणेकडील गणनेत संवत्सराचा क्षय मानणे बंद झाल्यावर ती अखंड क्रमाने येऊ लागली. त्यामुळे शके १९४७ (२०२५-२६) चे विश्वावसू हे ३९ वे, तर चिनी काष्ठसर्प हे ४२ वे वर्ष; दोहोंतील तीनांचे अंतर कायम राहते. आपल्या संवत्सरांना प्राणी वा तत्त्वे जोडलेली नाहीत. तिबेटमध्ये मात्र दोन्ही परंपरा एकत्र आल्या : कालचक्र परंपरेनुसार १०२७ पासून मोजल्या जाणाऱ्या साठीचे पहिले वर्ष एकाच वेळी ‘प्रभव’ व ‘अग्नि-ससा’ असते.

मराठी पंचांगात प्राणी येतात ते पर्जन्यनक्षत्रांची वाहने म्हणून. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंतच्या संख्येस नऊने भागून उरणाऱ्या शेषावरून घोडा, कोल्हा, बेडूक इ. नऊ वाहनांपैकी एक ठरते. त्यांत सर्प नाही. दाते पंचांग ज्या सोलापुरातून प्रसिद्ध होते, तेथून अक्कलकोटकडे जाताना लागणाऱ्या वळसंगसारख्या गावांच्या कोरडवाहू परिसरात वाहनांवरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत परिचयाची आहे. चिनी सर्पही याच अर्थाने बाराने भागल्यावरचा एक शेष होय.

वाहनावरून वर्तवलेल्या पावसाचा पडताळा त्याच हंगामात मिळतो. जन्मावरून सांगितलेल्या फलाचे ओझे मात्र व्यक्तीला आयुष्यभर वाहावे लागते. काष्ठसर्पानंतर येणाऱ्या अग्नि-अश्व वर्षी जन्मलेली स्त्री पतीला घातक, या समजुतीमुळे जपानमधील जन्मसंख्या १९६५ मधील सु. १८.२ लाखांवरून १९६६ मध्ये सु. १३.६ लाखांवर आली व पुढील वर्षी पुन्हा वाढली. आपल्याकडे सर्प ही देवता असलेल्या आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासूला अनिष्ट मानून तिची स्थळे नाकारली गेली आहेत. सर्प हे मुळात गणनेतील एका स्थानाचे नाव असल्याचे चिनी चक्राच्या इतिहासावरून स्पष्ट होते; त्याला चिकटलेले स्वभाव व फले ही नंतरची भर होय.