अंगणवाडीचं ताट आणि तीन वर्षांखालचं मूल

आज आपण अंगणवाडीतल्या आहाराचा इतिहास पाहू. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की नागपूरला, अंगणवाडी तुमच्या ओळखीची असणारच. गेल्या पन्नास वर्षांत तिथल्या ताटाचे नियम खूप बदलले. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही, आणि तिच्यासाठीच मी हा विषय घेतलाय.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तेव्हा देशभरात तिचे अवघे 33 प्रकल्प होते. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी हे सगळं एकत्र मिळावं, अशी कल्पना होती. पण ही होती योजना, हक्क नव्हे. निधी आला तर खिचडी शिजायची, नाही आला तर मुलं तशीच घरी जायची.

हे चित्र कोर्टामुळे बदललं. 2001 साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने प्रत्येक लहान मुलाला रोज 300 कॅलरी आणि 8 ते 10 ग्रॅम प्रथिनं द्यायचं बंधन सरकारवर आलं. 2004 मध्ये कोर्टाने आणखी बजावलं: आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, काम शक्यतो बचत गट आणि महिला मंडळांना द्या. 2009 मध्ये प्रमाण 500 कॅलरींवर गेलं आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला.

ठेकेदार मात्र सहजासहजी गेले नाहीत. महाराष्ट्रात 2016 साली घरपोच आहाराची निविदा निघाली, तिच्या अटी लहान बचत गटांना झेपणाऱ्या नव्हत्या. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे 2004 चा आदेश पाळून घ्यायला पंधरा वर्षांनी पुन्हा कोर्टातच जावं लागलं.

पैशाचंही तसंच. 2004 पर्यंत एका मुलामागे दिवसाला 1 रुपया होता, 2017 मध्ये तो 8 रुपये झाला. आठ रुपयांत डाळ, तेल, भाजी कशी बसवायची, हा हिशेब सेविका आणि मदतनीस रोज करतात.

आता सुरुवातीला म्हटलं त्या गोष्टीकडे येतो. सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो तो 3 ते 6 वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला पाकीट मिळतं, घरी न्यायचं. घरी गेल्यावर त्या पाकिटात भावंडं वाटेकरी होतात. खुजेपणा मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, हे आहारशास्त्राला केव्हाचं माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. ज्या वयात जेवणाची सर्वांत जास्त गरज, त्याच वयात ताट नाही. याचं कारण, माझ्या मते, साधं आहे. चालत अंगणवाडीत येऊन पंगतीत बसेल, असं मूल डोळ्यांसमोर ठेवून ही व्यवस्था उभी राहिली. रांगणाऱ्या बाळाला आणणार कोण? आई तर शेतात किंवा मजुरीला.

याला उत्तर नाही असं नाही. छत्तीसगडमध्ये सरगुजा जिल्ह्यात 2012 पासून ‘फुलवारी’ सुरू झाल्या. तिथे गावातल्या आयाच आळीपाळीने तीन वर्षांखालची मुलं सांभाळतात आणि त्यांना गरम जेवण भरवतात. केंद्रानेही पुढे ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरं धरली आहेत.

तेव्हा तुमच्या भागातल्या अंगणवाडीत गेलात, तर मेन्यू जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, दीड वर्षाच्या बाळाला इथे काय मिळतं आणि ते त्याच्या पोटात जातं का.