सोयीस्कर विसर

कृतज्ञ आणि कृतघ्न हे शब्द कानाला इतके जवळचे, की निबंधात एकाच्या जागी दुसरा लिहिणारे सापडतातच. फोड केली की घोळ मिटतो. 'कृत' म्हणजे केलेलं. ते जाणणारा कृतज्ञ. 'घ्न' आला 'हन्' धातूवरून, तेव्हा केलेलं ठार मारणारा तो कृतघ्न. उपकाराचा शब्दात कुठे पत्ता नाही. तो आपण मनाने भरतो. मराठीने 'कृतज्ञ'मधल्या 'ज्ञा' धातूला घरचं रूप दिलं आणि 'जाण ठेवणं' केलं.

पण हे सारं दुसऱ्याने केलेल्याबद्दल. स्वतः केलेलं, त्यातही फारसं शोभणारं नसलेलं, मनातल्या मनात मारणाऱ्याला काय म्हणावं? मॉली क्रॉकेट या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये अशाच माणसांवरचे प्रयोग मांडले. हाती दिलेले पैसे अनोळखी माणसाशी वाटून घ्यायचे, आणि किती दिले ते नंतर आठवून सांगायचं. बरोबर आठवलं तर वर बक्षीसही. तरीही स्वतःच्याच न्यायाच्या मापाला कमी पडलेल्यांना आपण दिलं त्याहून जास्त दिल्याचं आठवलं. खरी गंमत पुढे आहे: कमी देण्याचा निर्णय आपला नव्हताच असं वाटलं, तिथे ही चूक दिसली नाही. कर्तेपण गेलं की आठवण शुद्ध!

मराठी व्याकरणाला हे आधीपासून ठाऊक असावं. संस्कृत 'विस्मरति', प्राकृत 'विस्सरइ', मराठी 'विसरणे'. 'मी विसरलो' म्हणताना कर्ता समोर उभा असतो. 'मला विसर पडला' म्हटलं, की विसरच कर्ता होतो आणि आपण चतुर्थीत जाऊन बसतो. अंगावर दव पडावं तसा तो पडतो. आपला काय दोष? उधारी बुडवणारा मला तरी 'विसरलो' म्हणताना क्वचितच भेटला आहे. त्याला नेहमी विसर पडलेला असतो.

या विसराला आपण 'सोयीस्कर' हे फार चपखल विशेषण लावतो. शब्द 'श्रेयस्कर'च्या वळणावर बेतल्यासारखा दिसतो. तिथला 'स्' 'श्रेयस्'चा हक्काचा आहे. 'सोय'पाशी तसा 'स्' नाही, तरी थाट मात्र तोच.