जीपचा चेहरा कोणाचा?

नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात 'जीप' म्हणा, लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती काळीपिवळी महिंद्रा. मागे समोरासमोर बाकडी, टपावर बोचकी आणि दाराला लटकलेला एखादा पोरगा. नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडल्या, २०२० पासून नवी थारही पडते. त्यामुळे इथे जीप म्हणजे घरचंच वाहन.

त्याच २०२० साली अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने मात्र निकाल दिला की महिंद्राची 'रॉक्सर' ही गाडी जीपसारखी दिसते, म्हणून ती तिथे विकता येणार नाही.

रॉक्सर म्हणजे आपल्या जुन्या थारचंच भावंड. २०१८ मध्ये ती अमेरिकेत आली. सुटे भाग भारतातून जायचे आणि जुळणी मिशिगन राज्यात व्हायची. ती रस्त्यावर चालवायची गाडीही नव्हती, शेतात आणि रानात फिरवायची होती. तरी जीप ब्रँडची मालक असलेल्या फियाट क्रायसलरने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तक्रार केली.

बातम्यांमध्ये याला अनेकदा 'पेटंटचं भांडण' म्हटलं जातं. ते तसं नव्हतं. पेटंटला मुदत असते. आपल्याकडे नोंदवलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण मिळतं. तो हिशेब लावला तर महायुद्धाच्या काळातल्या आकारावरचा हक्क कधीच संपला असता. इथे मुद्दा होता 'ट्रेड ड्रेस'चा. वस्तूचं रूप पाहून गिऱ्हाइकाला एकच कंपनी आठवत असेल, तर त्या रूपावर त्या कंपनीचा हक्क. लोकांची आठवण टिकते तोवर हा हक्क टिकतो. उभ्या सपाट बाजू, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या, पुढे अरुंद होत जाणारं बॉनेट अशा खुणांची बेरीज आयोगाने पाहिली. समोरच्या जाळीच्या नोंदणीकृत चिन्हाची नक्कल झाल्याचं न्यायाधीशांना पटलं नाही, एकूण रूपाची मात्र पटली.

आता हे रूप मुळात कोणी काढलं ते पाहू. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती, आणि नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बॅंटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि नमुना वेळेत पोहोचला. पण इतक्या लहान कारखान्याला लाखो गाड्या झेपणार नाहीत, असं सैन्याला वाटलं. बॅंटमचा नमुना आणि आराखडे विलीज आणि फोर्डच्या अभियंत्यांनाही पाहायला मिळाले. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीपा बांधल्या. बॅंटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत.

ती प्रसिद्ध जाळीसुद्धा विलीजची नाही. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली उभ्या फटींची जाळी फोर्डने केली, तिला नऊ फटी होत्या. विलीजने ती उचलली आणि युद्धानंतरच्या नागरी गाडीवर सात फटी ठेवल्या. 'जीप आम्ही निर्माण केली' अशी जाहिरात विलीज करत असे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ मध्ये तो दावा दिशाभूल करणारा ठरवला. तरी १९५० मध्ये 'जीप' हे नाव विलीजच्या नावावर नोंदलं गेलं. पुढे कंपन्या विकल्या जात राहिल्या आणि नाव हातोहात क्रायसलरकडे आलं.

महिंद्राकडे हे रूप चोरवाटेने आलेलं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजशी रीतसर करार करून मुंबईत जीपा जुळवायला सुरुवात झाली. पुढे इंजिनं बदलली, लांबी वाढली, चेहरा तसाच राहिला. अमेरिकेत जो आकार पाहून युद्ध जिंकलेली जीप आठवते, तोच आकार पाहून इथे आठवते सरकारी दौऱ्याची, पोलिसांची, बाजाराला नेणारी महिंद्रा. लोकांची आठवण हीच कसोटी धरली, तर एकाच चेहऱ्याचे दोन देशांत दोन मालक निघतात. रॉक्सरचं रूप बदलल्यावर २०२० च्या डिसेंबरमध्ये आयोगाने बदललेली गाडी निर्दोष ठरवली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातही थारवरून वाद उभा राहिला, तेव्हा पूर्वसूचना न देता थार तिथे आणणार नाही, असं महिंद्राने मान्य केलं. गंमत अशी की त्याच वर्षी जीपची रँग्लर पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात जुळू लागली. दोन्ही भाऊबंद एकाच राज्यात तयार होऊ लागले.

याचा आपल्या खिशाशीही संबंध आहे. बीएस-६ नियमांमुळे जुनी थार बंद झाली. निरोपाला कंपनीने ७०० गाड्यांची खास आवृत्ती काढली, आणि आज जुन्या बाजारात तरुण मंडळी अशाच गाड्या शोधतात. बंद पडलेल्या मॉडेलच्या सुट्या भागांची धास्ती असते. जुन्या जीप घराण्यात बरेच भाग पिढ्यान् पिढ्या थोड्याफार फरकाने चालत आले, म्हणून मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. पण चेहऱ्यावर भाळू नका. जाळी, बंपर, टप बदलून रँग्लर किंवा विलीजचं सोंग दिलेल्या गाड्या भरपूर आहेत. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारे बदल वाहनात करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा आरसी बुकावरचा चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. इंधन, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार जुळतो का ते बघा. पंधरा वर्षं झाली असतील, तर फेरनोंदणी झाली आहे का विचारा.

बॅंटम कंपनीने युद्धातच जीपा बांधणं थांबवलं आणि पुढे ती बंदही पडली. ज्यांनी पहिली जीप बांधली, त्यांचं नाव आज कुठल्याच बॉनेटवर नाही. त्यांच्याकडे हुशारी होती, फक्त लाखो गाड्या बांधून लोकांच्या डोळ्यांत बसायला लागणारा कारखाना नव्हता. चेहरा कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर कोर्टाने दिलं तरी ते अखेर रस्त्यावरून येतं. आणि नाशिकच्या रस्त्यावर ते कधीच ठरून गेलं आहे.